नऊ वर्षं कप घासले

४ जून

प्रिय काका,

नमस्कार. तुमच्याशी फोनवर बोलून मी थकले. ‘सगळं ठीक, ठेवतो’ म्हणता आणि खरंच ठेवता. म्हणून हे पत्र. पत्राला उत्तर न देणारा माणूस उर्मट, असं मी चौथीत असताना तुम्हीच मला लिहून कळवलं होतंत, तेव्हा आता तुमची सुटका नाही.

मी हल्ली काय उद्योग करते ते मागच्या भेटीत तुम्ही विचारलंत आणि उत्तर ऐकता ऐकता झोपलात. पुन्हा सांगते. माणसानं आयुष्यभर कोणकोणतं काम केलं, किती वर्षं केलं, मध्ये कधी थांबला, आणि मग म्हातारपणी त्याचे गुडघे, झोप, श्वास, आठवण यांचं काय झालं, याचा संबंध आम्ही शोधतो. त्यासाठी एक मोठा कागद आहे. वयाच्या पंधराव्या वर्षापासून आजपर्यंत दर वर्षाला एक चौकोन. चौकोनात तेव्हाचं काम लिहायचं, खाली तब्येतीचे प्रश्न. आम्ही त्याला नुसतं ‘तक्ता’ म्हणतो. दीड हजार तक्ते माझ्या टेबलावर आहेत आणि मला त्यांचं वेड लागलंय. एका आजोबांनी बेचाळीस चौकोनांत एकच शब्द लिहिलाय, ‘टपाल’, आणि डाव्या खांद्याबद्दल पानभर तक्रार. एका आजींनी सगळे चौकोन कोरे ठेवून खाली लिहिलंय, ‘काम केलं नाही, सहा मुलं वाढवली.’ त्यांच्याकडे मी स्वतः जाऊन आले.

बाबांचाही तक्ता आलाय, आणि त्यानं माझं डोकं खाल्लंय. मी तीन वर्षांची होईपर्यंत बाबा तिकडच्या कपबश्यांच्या कारखान्यात होते ना, सत्तावीस ते पस्तीस, फिनिशिंग खात्यात. तिथे मातीची धूळ फार. त्या खात्यातली आणखी सतरा माणसं आम्हाला सापडली आहेत आणि सतराही जण धापा टाकतात. बाबा मात्र त्र्याहत्तराव्या वर्षी तपासणीच्या नळीत अशी फुंकर मारतात की काटा शेवटाला जाऊन टेकतो. कसं काय, असं विचारलं तर पेपर उघडून बसतात.

आणि दुसरीकडे तुम्ही. बाबांपेक्षा तीन वर्षांनी लहान, बिडी-सिगरेटला हात लावलेला नाही, जन्म गेला चहाच्या हॉटेलात. तरी मागच्या वेळी दुसऱ्या मजल्यापर्यंत जाताना तीनदा थांबलात. तिसऱ्यांदा म्हणालात, चपलेचा अंगठा सुटला. काका, तुमच्या चपलेला अंगठा नव्हता.

सोबत कोरा तक्ता पाठवते. धुळीत काम केलेल्यांना आम्ही छातीच्या मोठ्या तपासणीला बोलावतो, मोठा डॉक्टर असतो, पुढची औषधंही तिथूनच मिळतात. तुम्ही त्यात बसत नाही, पण तुमचा श्वास का अडतो ते मला कळायला हवं. मला काळजी वाटते. खरं खरं भरा.

तुमची,
चौकशीबाई (नाव तुम्हीच ठेवलेलं)


१७ जून

चि. चौकशीबाई हिस आशीर्वाद.

अगं, टेबलावर अंथरायच्या कापडाएवढा कागद पाठवलास. माझ्या खोलीत तो पसरायला जागा कुठली? शेवटी कॉटवर अंथरला आणि मी स्टुलावर बसून भरला. भरायला बसलो आणि दुपार कशी गेली कळलं नाही. आपलं सगळं आयुष्य एका चादरीवर मावतं हे बघून गंमत वाटली आणि जरा रागही आला.

तर पंधरा ते सतरा शाळा, तीही मास्तरांच्या मेहेरबानीनं. अठरा ते तेवीस सायकलच्या दुकानात पंक्चर काढले. चोवीस ते बत्तीस कप घासले. तेहेतिसाव्या वर्षापासून पासष्टपर्यंत हॉटेलात गल्ल्यावर. पुढे बाकावर बसणे, ते अजून चालू आहे. यात एक अक्षर खोटं नाही. पुढेमागे शंका आलीच तर एवढं ध्यानात ठेव.

‘चालताना दम लागतो का’ याला तुम्ही तीन उत्तरं दिली आहेत, नाही, थोडा, बराच. मी ‘थोडा’वर खूण केली. थोडा म्हणजे किती ते तुमच्या कागदानं विचारलेलं नाही, म्हणून सांगितलं नाही.

तुझा किडा मला चावलाय बरं का. आमच्या बाकावर एक ड्रायव्हर येतो, चौतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला. त्याला म्हटलं, पँट वर कर. डाव्या पायानं जन्मभर क्लच दाबला, तर काही फरक पडला असेल की नाही? सुतळीनं दोन्ही पोटऱ्या मोजल्या. डावी पोटरी दोन बोटं जाड निघाली. तो स्वतःच चाट पडला. सत्तर वर्षं ते पाय त्याच्याच अंगाला होते आणि त्याला पत्ता नव्हता. तुझ्या ऑफिसातल्या मॅडमना हे कळव.

दादाच्या छातीचं म्हणशील, तर असते एकेकाची छाती दणकट. ते जसं आहे तसं राहू दे. सगळंच उकरायचं नसतं.

तुझा,
काका


३० जून

प्रिय काका,

पोटऱ्यांची गोष्ट मॅडमना सांगितली. त्या इतक्या हसल्या की शेजारच्या खोलीतून लोक बघायला आले. मग गंभीर होऊन म्हणाल्या, सुतळीनं मोजलं हे लिहून ठेव.

तुमचा तक्ता मी नोंदवला. आमच्याकडे प्रत्येक कामाला एक आकडा असतो. तुमच्या त्या नऊ वर्षांना मी ‘हॉटेलात भांडी धुणे, ओलं काम’ याचा आकडा दिला. तुम्ही कप विसळण्यापासून सुरुवात करून गल्ल्यापर्यंत पोचलात हे मला माहीतच नव्हतं. कधी बोलला नाहीत. आता मला सांगा, धुवायला सोडा वापरायचात का? पाणी गरम की गार? मोरीला खिडकी होती का? ओल्या, कोंदट जागेत नऊ वर्षं उभं राहून छाती बिघडू शकते का, यावर मी चार दिवस वाचतेय. हॉटेल कोणतं होतं तेही लिहा.

बाबांच्या ठिपक्यावरून इथे वाद झाला. आम्ही प्रत्येक माणसाचा एक ठिपका कागदावर मांडतो. धुळीची वर्षं वाढली की ठिपके खाली खाली उतरत जातात, आणि बाबांचा एकटाच वर, कोपऱ्यात. मॅडम म्हणाल्या, नोंद चुकली असणार, काढून टाक. मी म्हटलं, काढणार नाही. अठरापैकी सतरा माणसं धापा टाकतात आणि एक टाकत नाही, तर त्या एकानं काहीतरी वेगळं केलं असणार. ते सापडलं तर आज धुळीत काम करणाऱ्यांना सांगता येईल. विचार करा, केवढी मोठी गोष्ट आहे.

तेव्हा तुमची मदत हवी. तुम्ही दोघं तेव्हा एकाच खोलीत राहायचात. बाबा नाकाला फडकं बांधायचे का? खिडकीपाशी बसायचे का? व्यायाम? दूध? आठवेल ते सगळं लिहा. वेंधळेपणासुद्धा.

तुमची,
चौकशीबाई


१४ जुलै

चि. चौकशीबाई,

हे पत्र दोन बैठकांत लिहितोय, अक्षर मध्येच बदललं तर घाबरू नकोस. एक बातमी म्हणजे मी खोली बदलली. मालकांना सांगून तळमजल्यावरची घेतली. जिना फार म्हातारा झालाय, त्याला माझं वजन झेपत नाही.

दादाबद्दल विचारलंस. वेंधळा तो कधीच नव्हता, ते खातं माझ्याकडे होतं. तरुणपणी त्यानं बासरी शिकायला घेतली. तीन आठवड्यांत शेजारच्यांनी हात जोडले तेव्हा सोडली. दूध आवडायचं नाही. व्यायाम म्हणशील तर चप्पल शोधणे. खिडकीपाशी बसायचा का? हो, बसायचा. मोठी खिडकी होती, वारा यायचा. हे अगदी खरं. नाकाला फडकं बांधायची त्याला गरज पडली नाही.

माझ्या कामाचं म्हणशील, तर माझे हात पाण्यानं कधी पांढरे पडले नाहीत. कप कोणाचे ते विचारू नकोस, ती जागा केव्हाच बंद झाली.

इकडे बाकावर मात्र काम जोरात आहे. मी वहीची पानं जोडून चार तक्ते तयार केले. एक न्हावी आहे, पन्नास वर्षं उभा. त्याला उभ्या उभ्या झोप लागते, परवा आमच्यासमोर लागली. एक शिक्षिका आहेत, त्यांचा आवाज गेला, पण कान इतके तिखट की शेवटच्या बाकावरची कुजबूज अजून पकडतात, आणि बाकावर आम्ही चौघंच असतो. ड्रायव्हर आता येणाऱ्याजाणाऱ्याला पोटरी दाखवतो. माझा एक शोध असा, की ज्यांनी चार-पाच कामं बदलली ते जास्त बोलतात आणि ज्यांनी एकच केलं ते जास्त ऐकतात. याला तुमच्याकडे आकडा आहे का?

(दुसऱ्या दिवशी.) काल इथे थांबलो. काही विशेष नाही, मान अवघडली. दादाचा ठिपका मॅडम काढा म्हणतात तर काढून टाक ना. एका ठिपक्यानं काय बिघडतं?

तुझा,
काका


३ ऑगस्ट

प्रिय काका,

काल मी एका आजींकडे गेले होते. वय सत्याहत्तर, सुनेच्या घरी राहतात, नाकाला ऑक्सिजनची नळी. त्यांच्या तक्त्यात अकरा चौकोनांत लिहिलं होतं, ‘कप घासणे’. आमच्या विद्यार्थिनीनं त्याला ‘भांडी धुणे, ओलं काम’ हाच आकडा दिला होता. मीही तोच देत आले आहे. मी त्यांना तेच विचारायला लागले, पाणी गरम असायचं की गार.

त्यांनी प्रश्न मला पुन्हा विचारायला लावला. मग हसायला लागल्या, हसता हसता खोकला लागला, सुनेनं पाठ चोळली. म्हणाल्या, पाणी कसलं बाई, थेंब लागला असता तर कप विरघळला असता. मातीचा कप साच्यातून काढून वाळवायचे, भट्टीत भाजायच्या आधी त्याची शिवण आणि कड कोरडी घासून गुळगुळीत करायची. फिनिशिंग हा ऑफिसातला शब्द. तिथे बसणारं कोणी तो वापरायचं नाही. सगळे म्हणायचे, आम्ही कप घासतो.

ऑफिसात येऊन मी ‘घासले’ लिहिलेले सगळे तक्ते काढले. अकरा निघाले. अकरा माणसांची धूळ मी पाण्यात घातली होती. त्यातला एक तक्ता तुमचा आहे.

मला लाज वाटतेय आणि भीतीही. तुमची मागची पत्रं मी पुन्हा वाचली. त्या नऊ वर्षांबद्दल तुम्ही एकदाही हॉटेल म्हणाला नाहीत, ते मीच म्हटलं.

आता एकच प्रश्न. काका, तुम्ही घासलेले कप भाजलेले होते की कच्चे?

तुमची,
चौकशीबाई


८ ऑगस्ट

चि. चौकशीबाई,

कच्चे.

झालं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा हा शब्द मी कोणाला सांगतोय, आणि तोही तुला, म्हणजे आता पुढचं सगळं विचारशीलच. त्यापेक्षा मीच सांगतो.

दादा आणि मी एकाच दिवशी कारखान्यात लागलो. त्याला फिनिशिंग मिळालं, मला बांधणी. बांधणी म्हणजे तयार कप पेंढ्यात गुंडाळून खोक्यात भरायचे, मोठ्या खिडकीपाशी बसून. दादाच्या छातीत लहानपणी पाणी झालं होतं, तीन महिने अंथरुणात होता. त्या धुळीत तो दहा दिवस बसला आणि अकराव्या दिवशी रुमालात रक्त दिसलं. साहेबाला सांगितलं तर साहेब म्हणाला, खातं बदलून मिळणार नाही, जमत नसेल तर घरी जा. घरी जाऊन खायचं काय?

मी तेव्हा रेड्यासारखा होतो. त्याला म्हटलं, महिनाभर कार्डांची अदलाबदल करू, तुझा खोकला थांबला की परत. फाटकाशी आपापली कार्डं यंत्रात घालायची असायची. मी त्याचं घालायचो, तो माझं. चेहरे जुळतात आमचे. आत हजेरी घेणाऱ्या मुकादमाला कळलं होतं, पण त्याची दोन्ही बाकं भरलेली होती, मग त्यानं कशाला तोंड उघडावं? महिन्याचे दोन झाले. खोकला थांबला, पण मग दोघांनीही विषय काढला नाही. तशी नऊ वर्षं गेली. मग तुझ्या आईची नोकरी लागली, तुम्ही गाव सोडलंत, आणि मी हॉटेल धरलं.

दिवसाला आठशे कप. बारीक जाळीनं कड घासायची, कान जोडलेला सांधा घासायचा, फुंकर मारायची. त्या फुंकरीनं घात केला असं आता वाटतं, कारण मारली की सगळी धूळ आपल्याच तोंडावर. संध्याकाळी भुवया पांढऱ्या व्हायच्या.

मला पश्चात्ताप नाही, हे आधी लिहून घे. तो गेला असता, मी गेलो नाही. पण त्यानं तेव्हा माझ्याकडून शब्द घेतला की हे कोणाला सांगायचं नाही. आधी नोकरी जाईल म्हणून, नंतर तुझ्या आईसमोर लाज वाटेल म्हणून. तुझा तक्ता आला तेव्हा खोटं लिहायला हात होईना आणि खरं लिहायला शब्द आडवा आला. मग लिहिलं ‘कप घासले’. तू काय समजशील ते मला ठाऊक होतं. हुशार माणसं मोरीकडेच जातात.

आता तूही शब्द दे. दादाला विचारायचं नाही. आईला कळू द्यायचं नाही.

तुझा,
काका


१३ ऑगस्ट

प्रिय काका,

शब्द देते, पण रडत देते हे तुम्हाला कळू दे. ऑफिसात डोळ्यांत कचरा गेला म्हणून सांगितलं.

मी तुमच्यावर चिडले आहे. बाबांवरही. आणि सगळ्यात जास्त स्वतःवर, कारण ‘धुळीत काम करताना खिडकीपाशी बसावं’ असं मी एका लेखात लिहून ठेवलं होतं. छापायलाच निघाला होता. तुमच्या खिडकीच्या एका वाक्यावर मी केवढी इमारत उभी केली होती बघा.

आता नीट ऐका. तुमच्या गावच्या इस्पितळात बावीस सप्टेंबरला छातीची तपासणी आहे, एकच दिवस, मग यंत्र पुढच्या गावी जातं. बोलावणं कारखान्याच्या नोंदवहीवरून जातं. फिनिशिंगमध्ये नाव बाबांचं, म्हणून बोलावणं बाबांना गेलंय. तुमचं नाव बांधणीत. तुमचा आकडा बदलून तुम्हाला बोलवावं, तर वहीशी ताडून बघणारे परत पाठवतील. आणि घरच्या माणसांच्या तक्त्याला हात लावायची मला परवानगी नाही, ते दोन्ही मी मॅडमकडे दिले, कारण न सांगता. तक्ता ज्याचा त्यानंच दुरुस्त करायचा असतो. तुमचा तुम्ही, त्यांचा त्यांनी. दोन्ही झाले तरच तुमची तपासणी होईल.

ऑक्सिजनच्या नळीवाल्या आजींची पहिली खूणही ‘थोडा’वरच होती. मी बाबांना विचारणार नाही. तुम्ही सांगाल का?

तुमची,
चौकशीबाई


१ सप्टेंबर

चि. चौकशीबाई,

मी सांगायच्या आधी दादाचंच पत्र आलं. जसंच्या तसं सोबत जोडतोय. वाच, हस आणि मला सल्ला दे. मला तर हे पटण्यासारखं वाटतंय. कोणाचं काही जात नाही.

तुझा,
काका

(सोबतचं पत्र)

धाकट्यास,

मला छातीच्या तपासणीचं बोलावणं आलं आहे. ते मला नको, तुला हवं आहे. फोनवर हल्ली तुझं बोलणं कमी आणि श्वास जास्त ऐकू येतो. मी काही बोलत नाही याचा अर्थ मला ऐकू येत नाही असा नाही.

मी एकवीस तारखेला संध्याकाळी येतो. दुसऱ्या दिवशी माझं कार्ड घेऊन तू आत जा. जन्मतारीख पाठ कर. मिशी काढावी लागेल. घरी मी सांगितलं आहे की जुन्या मित्राला भेटायला जातो. मुलीला यातलं काही कळवू नये, तिच्या कामात घोळ होईल.

दादा


६ सप्टेंबर

प्रिय काका,

मी हसले नाही.

तुम्ही बाबांच्या कार्डावर आत गेलात तर तुमच्या छातीचा फोटो बाबांच्या नावावर लागेल. औषध बाबांच्या नावानं लिहितील. पुढच्या वर्षी तपासायला बाबांना बोलावतील. आणि एखाद्या दिवशी तुम्हाला धाप लागून बाकावरची मंडळी उचलून घेऊन गेली, तर तिथे तुमच्या नावाचा एकही कागद नसेल. डॉक्टर विचारेल, काय काम करायचा? ड्रायव्हर सांगेल, चहाच्या हॉटेलात होता. झालं.

तुम्ही एकदा त्यांच्या नावानं आजारी पडलात. आता बरं व्हायचं तर स्वतःच्या नावानं व्हा. याहून जास्त मला लिहिता येत नाही, आणि हे मी संशोधक म्हणून लिहीत नाही.

हे पत्र बाबांना दाखवा. मी माझा शब्द पाळलाय, तुम्ही तुमचा मोडा.

तुमची,
चौकशीबाई


२३ सप्टेंबर

चि. चौकशीबाई,

परवा संध्याकाळी दादा पिशवी घेऊन आला आणि दारातच थबकला. मी मिशी काढलेली होती. तुझं पत्र खिशात होतं, तरी काढली होती. माझं काही ठरत नव्हतं बघ. दादा म्हणाला, अगदी मी दिसतोस. तेव्हा मी तुझं पत्र त्याच्या हातात दिलं.

त्यानं ते उभ्यानंच वाचलं. दोनदा वाचलं. घडी घातली आणि नळाखाली बराच वेळ तोंड धुवत राहिला. मग जेवलो, हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि झोपलो. सकाळी काय करायचं तो विषय दोघांनीही काढला नाही. आमची जुनीच सवय.

इस्पितळात वीसेक माणसं बाकांवर होती. निम्मे चेहरे ओळखीचे, सगळे खोकणारे. खिडकीतल्या बाईंनी दादाचं नाव पुकारलं. आणि अगं, मी उठलो. खरं सांगतो, काही ठरवून नाही. नऊ वर्षं त्या नावाला मी रोज सकाळी ‘हजर’ म्हटलेलं, पाय आपसूक उठले. दोन पावलं गेलोही. तेवढ्यात मागून दादानं माझी बाही धरली आणि मला खाली बसवलं. चांगलं जोरात बसवलं.

मग तो खिडकीपाशी गेला. त्याचा आवाज तुला माहीत आहे, शेजारच्या खोलीतही जात नाही. काल सगळ्या बाकांनी ऐकला. म्हणाला, “नाव माझं आहे, पण धूळ ह्यानं खाल्ली. नऊ वर्षं. माझ्या जागी बसून. ह्याचं नाव लिहून घ्या.”

बाई म्हणाल्या, असं होत नाही, तक्ता दुरुस्त करावा लागेल. दादानं पेन मागितलं. तिथेच उभं राहून त्यानं आपल्या तक्त्यातले नऊ चौकोन एकेक करून खोडले आणि प्रत्येकात लिहिलं, ‘बांधणी’. एकदम रेघ मारली असती तरी चाललं असतं. त्यानं नऊ वेळा लिहिलं. मागच्या रांगेतला एक जण कुरकुरायला लागला, तर आमच्या जुन्या मुकादमाचा मुलगा त्याला म्हणाला, थांब जरा. मग बाईंनी दिलेल्या कोऱ्या तक्त्यावर मी माझे नऊ भरले. या वेळी ‘कोरडे’ हा शब्द घातला. मला रडू आलं, पुरुषासारखा पुरुष मी, त्या बाईंनी टेबलावरचा कागदी रुमाल पुढे केला.

डॉक्टर तुझ्याच वयाचा. फोटो उजेडाला धरून बराच वेळ बघत होता. म्हणाला, धूळ बसलीय, जे गेलं ते परत येणार नाही, पण उरलंय ते बरंच आहे आणि सांभाळता येईल. दोन औषधं ओढायची, एक गिळायचं, श्वासाचे व्यायाम, तीन महिन्यांनी पुन्हा फोटो. आणखी वर्षभर असाच राहिलो असतो तर त्यानं वेगळं काही सांगितलं असतं, हेही त्यानं सांगितलं.

बाहेर आल्यावर दादानं तुझ्या आईला फोन लावला.  सगळं सांगून टाकलं, एका दमात. पलीकडून वहिनी काय म्हणाल्या असतील? म्हणाल्या, मला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. कपडे कोण धूत होतं? भावजींच्या शर्टातून माती निघायची आणि तुमच्या खिशातून पेंढा. तुम्ही सांगाल म्हणून मी वाट बघत होते.

दादा इस्पितळाच्या पायरीवर बसला तो अर्धा तास उठला नाही. मीही शेजारी बसलो. मग म्हणाला, चहा घेऊ.

तुझ्या ठिपक्यांचं आता काय ते तू बघ. माझा खाली सरकव, त्याचा तिथून उचल. मला इस्पितळाचं पिवळं कार्ड मिळालंय, माझ्या नावाचं, नाव बरोबर लिहिलंय. श्वासाच्या व्यायामांसाठी पुढची तारीख सात ऑक्टोबर. त्या दिवशी नीट कान देऊन बसायचं आणि माझं नाव पुकारलं की मीच उठायचं, एवढी सवय करायची आहे.

तुझा,
काका